राजाची अर्धी चाल

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही.

राजाने भर दरबारात बासरीवर एक चाल वाजवली, आणि समोर बसलेली तरुण गायिका दचकली. चाल गोड होती. पण शेवटी षड्जावर टेकलीच नाही, वरच तरंगत राहिली.

"ही आमची चाल," राजा म्हणाला. "उरलेला भाग आत्ता, इथेच बांधायचा. जमलं तर दरबारात मानाची जागा. नाहीतर वीणा ठेवून जायचं."

भिंतीशी हरलेल्यांच्या वीणा उभ्या होत्या. तिची वीणा वडिलांची. ते गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं.

"काय गं पोरी, घसा घरीच राहिला का?" दरबारचे बुजुर्ग गवई खिदळले.

ती घाबरत गाऊ लागली. चाल वळवून वळवून अलगद षड्जावर आणली. सभा डोलली. राजाने मात्र नकारार्थी मान हलवली.

"छान आहे. पण अशी नाही."

तिने वेगळी बांधली.

"अशीही नाही."

"मग कशी, महाराज?"

"ते आठवत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?" राजा वैतागून म्हणाला.

ती पुन्हा दचकली. स्वतः रचलेल्या चालीबद्दल कुणी असं म्हणत नाही. मग तिच्या डोळ्यांपुढे गावाकडची जोंधळ्याची शेतं आली. कलती उन्हं, उंच माळ्यावर राखणीला बसलेली माणसं. एकाने अर्धी हाळी घालायची, उरलेली शेजारच्या शेतातून यायची. 'मी आहे, तूही आहेस ना?' एवढंच त्यात असायचं. आपली हाळी आपणच पुरी करायची नाही, असा तिथला नेम. ज्याला शेजारी उरला नाही, तोच तसं करी.

राजा लहानपणी कुठल्याशा खेड्यातून दत्तक आलेला. त्याआधीचं दरबारात कुणी बोलत नसे.

"महाराज," ती चाचरत म्हणाली, "ही राखणीची हाळी आहे. तुम्ही वाजवलीत ती शेजाऱ्याची अर्धी; उरलेली तुमची, ती मी पुरी करायची नसते."

"दरबारात आता जोंधळा राखायचा का?" गवई म्हणाले. "महाराज, वीणा ठेवून घ्या हिची."



तिने स्वतःच वीणा खाली ठेवली. तोंडाशी हातांचा आडोसा केला आणि अर्धी हाळी घातली.

कुणी ओ दिली नाही.

तिने पुन्हा घातली. मागे कुणीतरी हसलं. आता गप्प बसून निघून जावं, असं तिला वाटलं. तरी तिने डोळे मिटले आणि लांबच्या शेतात पोचेल अशी हाळी दिली.

सिंहासनावरून, सवय नसलेल्या, भरून आलेल्या आवाजात, उरलेली अर्धी हाळी आली.

लहानांनो, आणि थोरांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: दुसऱ्याने म्हणायचं ते आपण म्हणू नये, त्याच्यासाठी जागा सोडून वाट पाहावी.