पाच आळ्यांचा पट

एका राज्यात राजा होता, प्रजा होती, आणि या दोघांहून जुना असा एक पट होता. नगराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या-पांढऱ्या फरश्यांचा, सोळा हात लांब आणि सोळा हात रुंद. पटापलीकडे मायावी नीलकंटक राही. डोंगरातला झरा त्याच्या ताब्यात होता. दर चैत्रात नगराचा आणि त्याचा डाव होई. नगर जिंकले तर झरा वर्षभर वाहे. हरले तर वर्षभर कोरडा. मग बायाबापड्या सात कोस चालून पाणी आणत.

नगराच्या सोंगट्या पाच, आळ्याही पाच. कुंभारांचा मातीचा हत्ती, तांबटांचा तांब्याचा उंट, सुतारांचा सागवानी घोडा, साळ्यांची सुताने मढवलेली नाव आणि बुरुडांचा वेळूचा बुरूज. ज्या आळीची सोंगटी, तिचीच चाल. ती चाल पसंत नसली तर बाकीच्या चार आळ्या एकमुखाने अडवू शकत. तिघींचा नकार धरत नसत. नीलकंटकाचा काळा सिंह चुकवून कुठलीही एक सोंगटी पलीकडच्या सिंहासनघरात पोचली की डाव जिंकला. खेळायला दिवसचे दिवस लागत. भांडणे होत, सकाळी अबोला धरलेले संध्याकाळी एका पंगतीला जेवत. नगर कधी जिंके, कधी हरे.

अशा नगरात केतुवर्मा गादीवर बसला. राजा भला होता, आणि पटावर त्याच्या तोडीचा माणूस त्रिभुवनात नव्हता हेही खरे. पण त्याला वादावादी सोसत नसे. सलग तीन वर्षे नगर हरले तेव्हा तो पटाशी उभा राहून चरफडला, "या पाचही चाली माझ्या हाती असत्या तर एकदाही हरलो नसतो."

नीलकंटकाने ते ऐकले. बोटातली हिरव्या खड्याची मुद्रा काढून त्याने पुढे केली. "घे, राजा. ही घातलीस की पाचही सोंगट्या तुझ्या एकट्याच्या शब्दावर चालतील."

शत्रूला एवढा उमाळा का आला, हे विचारायचे राजाला सुचले नाही. त्याने आळ्यांना मात्र विचारले, आणि खरे सांगायचे तर आळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या. रोजची कटकट कुणाला हवी होती?

बारा वर्षे राजा एकटा खेळला आणि बारा वर्षे जिंकला. झरा वाहिला, नगर सुखावले. नवी पिढी वाढली ती पटाकडे पाठ करून.

तेराव्या वर्षी डाव मांडला, राजाने हात उचलला, आणि सोंगट्या जागच्या हलल्या नाहीत. मुद्रेचे बोट दगडाचे झाले होते.

"बारा वर्षे मी मुद्दाम हरत होतो, राजा," नीलकंटक म्हणाला. "हरता हरता तुला वाचत होतो. तू कुठे दबतोस, कुठे उसळतोस, सगळे मला पाठ आहे. आणि तुझ्या प्रजेला आता सोंगटी कशी धरायची तेही माहीत नाही. रिवाजाप्रमाणे आठ दिवस थांबतो. तोवर दगड तुझ्या अंगभर चढेल. मग डावही माझा आणि झराही कायमचा माझा."

राजा उंबराखाली बसला. त्या उंबरावर धनेश पक्षी राही. तो माणसासारखा बोले, याचे त्या राज्यात कुणाला नवल नव्हते.

"पक्षिराज, उपाय सांग."

"तीन कामे आहेत. सोंगट्या स्वतःच्या डोक्यावरून वाहून ज्याच्या त्याच्या दारी ने, आणि हुकूम न सोडता त्यांना घ्यायला लाव. तुझ्यापाशी पटाची जेवढी गुपिते आहेत तेवढी त्यांना शिकव, एकही मागे ठेवू नकोस. आणि डाव सुरू झाला की तोंडातून शब्द काढू नकोस."

"तिसरे सोपे आहे," राजा म्हणाला.

धनेशाने चोच फिरवली आणि तो उंबरे खाऊ लागला.

राजाने मातीचा हत्ती डोक्यावर घेतला आणि तो कुंभारआळीत गेला. आळीची प्रमुख गवराक्का चाकावर बसली होती.

"महाराज, हत्ती परत कशाला आणलात? तुम्ही खेळता, आम्ही मडकी करतो. बरं चाललंय की."

"आता माझ्यानं चालत नाही, गवराक्का."

"आणि आम्ही हरलो तर?"

"हरलो तर हरलो. पण न खेळता झरा जाऊ देऊ नका. मी विनवणी करतोय."

गवराक्काने त्याच्या मनगटापर्यंत चढलेला दगड पाहिला, मग डोक्यावरचा हत्ती पाहिला. "चुंबळ तरी घ्यायची होती," ती म्हणाली आणि तिने हत्ती उतरवून घेतला.

बाकीच्या आळ्या इतक्या सहज वळल्या नाहीत. बुरूडआळीच्या सटवाजीने तर दोन दिवस दारच उघडले नाही. आमच्या बापजाद्यांचा बुरूज तुम्ही न्यायला आलात तेव्हा आम्ही हसत दिला, त्याची लाज वाटते, असे तो आतूनच म्हणाला. राजा ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या सकाळी सटवाजीने बुरूज घेतला, पाचही सोंगट्या आपापल्या घरी पोचल्या, आणि त्याच क्षणी मुद्रा गळून पडली आणि तिची राख झाली. दगड मात्र कोपरापर्यंत आला होता.

मग राजा शिकवायला बसला. पाचही आळ्यांची माणसे कामे आटोपून येत. राजाने सापळे शिकवले, हुलकावण्या शिकवल्या. एक कासवचाल तेवढी राखून ठेवली. नवख्यांना ती झेपायची नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी दगड एकदम खांद्याच्या वर सरकला. राजा मनोमन शरमला आणि त्याने कासवचालही उलगडून दाखवली.

"एवढंच होतं होय," गवराक्का म्हणाली.

आठव्या दिवशी सारे नगर पटाशी जमले. चौघांनी राजाला उचलून काठावर उभे केले. दगड हनुवटीवर आला आणि ओठांखाली थांबला. ओठ मोकळे सोडण्यात नीलकंटकाचा डाव होता. जन्मभर हुकूम सोडलेला माणूस गप्प राहायचा नाही, याची त्याला खात्री होती, आणि राजाने सुचवलेली प्रत्येक चाल तर त्याला पाठच होती.

डाव सुरू झाला. तांबट अडखळले, साळी चुकले, सुतारांचा घोडा दुसऱ्याच प्रहरी पडला. राजाच्या घशाशी शब्द आले, त्याने गिळले. दुपारनंतर काळा सिंह सिंहासनघराच्या तोंडाशी येऊन बसला. राजाला एकच वाट दिसत होती: हत्ती मागे घ्यावा, काहीही करून वाचवावा. हत्ती नगराची सर्वांत बळकट सोंगटी. बारा वर्षांत त्याने तिला ओरखडा येऊ दिला नव्हता.

गवराक्का पुढे झाली. "आमचा हत्ती सिंहाच्या पुढ्यात जाईल."

"खुळी का काय?" तांबट ओरडले. तांबटांनी नकार दिला, साळ्यांनी दिला, सुतारांनी दिला. सगळे सटवाजीकडे बघू लागले. राजाही बघत होता. एक शब्द, 'अडव' एवढाच, त्याच्या ओठांवर येऊन थरथरत होता.

"गवराक्का, तुमचा हत्ती फुटेल," सटवाजी म्हणाला.

"फुटला तर फुटला. भट्टी आमचीच आहे."

सटवाजीने आपल्या बुरुजापासून सिंहासनघरापर्यंतची घरे बोटाने मोजली. "मी अडवत नाही."

राजाने डोळे मिटले आणि ओठ आवळले, इतके की रक्त आले. पण तो बोलला नाही.

हत्ती गेला. सिंहाने झेप घातली, हत्तीच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि झेपेसरशी सिंह सिंहासनघराच्या तोंडावरून हलला. नीलकंटकाने सिंहाला परत बोलावले, तेवढ्यात साळ्यांची नाव आडवी आली. पुढच्या चालीला वेळूचा बुरूज डुगडुगत सिंहासनघरात जाऊन बसला.

नीलकंटक राजाकडे वळला. "हा डाव तुझा नव्हे. केतुवर्मा हत्ती कधीच देत नाही."

"हत्ती त्यांचा नव्हताच," गवराक्का म्हणाली. "आमचा होता. आम्ही दिला."

 नीलकंटकाचा धूर झाला आणि तो डोंगरापलीकडे गेला. राजाच्या अंगावरचा दगड पापुद्र्यांनी गळाला, झरा खळाळत सुटला, आणि सटवाजीला खांद्यावर घेऊन तांबट नाचले. आपण काय केले ते नगराला उमगले तेव्हा म्हातारी माणसेही ताठ चालू लागली.

शत्रू राहिला नाही, पण चैत्रातला डाव राहिला. शेजारची राज्ये स्नेहाने खेळायला येऊ लागली. आळ्यांनी विचार करून राजाला एक लाकडी प्यादे दिले. एक प्यादे, एक चाल, आणि बाकीचे सगळे मिळून ती अडवू शकणार.

एका वर्षी पाहुण्या राजाने त्याला विचारले, "एवढा नावाजलेला पट. याच्यावर हुकूम कुणाचा चालतो?"

"कालचीच गोष्ट सांगतो," केतुवर्मा म्हणाला. "मी एक चाल मांडली. पाचही आळ्यांनी मिळून ती अडवली."

"आणि तू ऐकून घेतलेस?"

"घ्यावे लागले," केतुवर्मा म्हणाला, आणि राज्याभिषेकाच्या दिवशी नव्हती एवढी त्याची छाती तेव्हा फुगली होती. "असे नगर आहे माझे."