राणी मुद्गावतीच्या पायातली खोली

एका राज्यात माणसे पायांनी जेवत. सकाळी अंगणात यावे, घोट्यापर्यंत पाय मातीत रोवावेत आणि उन्हाकडे तोंड करून उभे राहावे, असा त्यांचा रिवाज. उन्हाची साखर तळहातावर शिजे, बाकीचे पोषण तळपाय मातीतून ओढून घेत. सगळ्यांची कांती हिरवी. मुद्गावती त्यांची राणी आणि माषिका तिची एकुलती एक लेक.

एकदा वायुबंध नावाचा मांत्रिक दारी आला आणि ओंजळभर साखर मागू लागला. थोरल्या महाराजांनी, म्हणजे राणीच्या सासऱ्यांनी, त्याला हाकलून दिले. मांत्रिक चिडला. अंगाला हिरवेपण देणारे धन वाऱ्यात असते. ते त्याने तीन अडसर घालून बंद केले. "नाकाला लागेल, अंगी लागणार नाही," एवढे बोलून तो निघून गेला.

मातीत त्या धनाचा साठा होता तोवर भागले. मग तोही सरला आणि माषिका पिवळी पडू लागली. आधी बोटे, मग गाल. राजवैद्य रोज नवा लेप लावत. लेपाचे थर वाढले, मुलगी मात्र खंगत गेली.

माळावर अंडी घालणारी एक टिटवी होती. ती राणीला म्हणाली, "बाईसाहेब, ते अडसर तळकरांनाच निघतात."

"तळकर? ते चोर?"

"तेच."

तळकर म्हणजे मातीत राहणारे, मोहरीहूनही बारीक लोक. जन्माचे उपाशी. साखरेच्या वासाने येत आणि तळपायाला भेग पाडून आत शिरत. म्हणून राज्याचा कडक नियम होता: संध्याकाळी पाय उपटायचे, वज्रीने खसाखसा घासायचे आणि कुठे गाठ दिसली तर वैद्याने ती कोरून काढायची. पिढ्यान्‌पिढ्या पाय कसे लख्ख. अख्खे राज्य पिवळे पडत होते, तरी दरबारात त्या लख्ख पायांचे कौतुक चालूच होते.

"अडसर निघतात, तर मग ते काढत का नाहीत?" राणीने विचारले.

"पोटात अन्न नाही, बाईसाहेब. आणि मोकळा वारा लागला की त्यांचे हात लुळे पडतात. तीन गोष्टी करा. त्यांना हाक मारा. दार आपल्या हाताने उघडा. वारा बेताने येईल अशी खोली द्या."

वैद्यबुवा पुढे सरसावले. "राणीसाहेब, रोग आपण होऊन घरात घ्यायचा?"

"लेक वाचत असेल तर तोही घेईन," राणी म्हणाली.

तिने पाय मातीत रोवले. तळकरांना शब्द कळत नाहीत, वास कळतात. राणीने टाचेतून मंद वास सोडला. बराच वेळ काही झाले नाही. मग खालून तसाच एक वास वर आला. तो ढेकळ्याचा होता. ढेकळ्या हा तळकरांचा म्हातारा नायक.

"आजवर आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं," तो वासाच्याच भाषेत म्हणाला. "आत सुरी तर नाही ना?"

"नाही, नायक."

ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी घरी बोलावले, त्याने आधी सुरीची चौकशी करावी, याचे मला फार वाईट वाटते.

राणीने पायावरचा एक केस वळवून त्याला अलगद धरले आणि कातडीतून आत अरुंद वाट करून दिली. फार दुखले. सवयीने हात वज्रीकडे गेला. तो तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला. मग आत एक खोली बांधली आणि ती आपल्या रक्ताने सारवली. त्या लाल सारवणातून वारा घोटाघोटाने आत येई, जास्त नाही.

ढेकळ्या उंबऱ्यावर थबकला. "आत गेल्यावर आमचं अंग फुगतं, बाई. पुन्हा बाहेर येणं नाही. दाराशी माझी पोरं आहेत. त्यांना साखर मिळेल?"

"माझ्या लेकीच्या बरोबरीने मिळेल. या, दादा."

तो आत गेला. त्याच्यामागून आणखी तळकर आले आणि राणी त्यांच्यासाठी खोल्या बांधत गेली. त्यांत काही ऐतखाऊही निघाले. साखर चापावी आणि पडून राहावे. राणीने त्यांच्या खोल्यांचा वारा तोडला, तेव्हा अंग फुगण्याआधीच ते मुकाट्याने निघून गेले. उरलेल्यांनी जोर लावला. एक अडसर निघाला, दुसरा निघाला. तिसरा ढेकळ्याने काढला आणि त्या खोल्यांपुरता शाप तुटला.

धन पायातून वर चढले. राणीने ते साखरेत कालवून लेकीला भरवले. माषिकेच्या गालांवर हिरवा रंग आला तशी राणी ढसाढसा रडली. उरलेले धन मातीत झिरपले, त्यावर शेजारपाजारच्यांचे पाय जेवू लागले. गाठ कोरण्याचा नियम राणीने मोडीत काढला आणि वैद्यबुवांना खोल्या सारवण्याचे काम दिले. ते त्यांना चांगले जमले.

शेंगा वाळायच्या दिवसांत राणीच्या पायातली ती पहिली खोली शांत झाली. ढेकळ्या गेला. राणीने भावाचे सुतक पाळले.

पुढे माषिका वयात आली. तिने एकटीने पाय रोवले आणि टाचेतून वास सोडला. ढेकळ्याचा मुलगा आला, पण बाहेरच थांबला.

"आमचा बाप तुमच्या घरात गेला," तो म्हणाला. "तो कुठं आहे?"

माषिकेने आपला हिरवागार हात मातीला टेकवला.

"मामा इथे आहेत," ती म्हणाली.

मुलाने तो हात पुष्कळ वेळ हुंगला. मग तो आत आला.