चौकोनी जावई

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा कॉम्प्युटरलासुद्धा छापखान्याच्या मालकासारखी ढेरी असायची. आपल्या गोष्टीतल्या छापखान्याचे मालक ढवळीकर. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये अक्षरीबाई नावाचा जुना मराठी फॉन्ट राहायचा. गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका तिच्याच हातच्या.

एक दिवस ढवळीकरांनी नवी सिस्टीम टाकायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला, "जुने प्रोग्राम चालतील का, पाहिलंत?" ढवळीकरांनी न वाचताच 'हो' दाबलं. लग्नाच्या वेळीही त्यांनी असंच केलं होतं.

नवी सिस्टीम, म्हणजे नवेसाहेब, ऐटीत आत शिरले. "कोण गं तू? मला शंभर भाषा येतात. तू माझ्या यादीत नाहीस."

"बरं साहेब," म्हणून अक्षरीबाई कोपऱ्यात बसली.

संध्याकाळी एका नवरीचे वडील, गणूकाका, पत्रिका बघायला आले. कागदावर वरपासून खालपर्यंत नुसते चौकोन!

"अहो, जावई इंजिनिअर आहे माझा, खोका नाही! उद्यापासून पत्रिका वाटायच्यात. आणि यात माझा मेहुणा कुठला?"

"तिसरा चौकोन," ढवळीकर पुटपुटले.

"तिसरा? पहिला नसला तर तो मांडवात पाय ठेवणार नाही!"

नवेसाहेब घामाघूम झाले. हळूच म्हणाले, "बाई, ही सगळ्यात वरची ओळ कसली हो? शंभर भाषांत सापडेना."

"त्याला श्रीगणेशा म्हणतात, साहेब. तुमचा तेवढाच व्हायचा राहिलाय. सरका जरा!"

साहेब सरकले. पत्रिका वेळेत छापून झाल्या, मेहुणा पहिला.