सहावी हजेरी

एका राज्यात एकोणीस विहिरी होत्या आणि एकोणीसही खारट होत्या. पूर्वी तशा नव्हत्या. तीन वर्षांमागे राजा भद्रसेन करवंदीच्या खिंडीत शत्रूशी लढताना पडला, त्याच्याबरोबरची फौज कापली गेली, शत्रूही मोडून माघारी गेला, आणि मग पाणी नासले. बायाबापड्या तीन कोसांवरच्या नदीवरून हंडे वाहू लागल्या. संकट आले की त्याचे कारण सांगायला कोणी ना कोणी पुढे होतोच. इथे पुढे झाला सरदार रणधवल. आईबापांनी त्याचे नाव नुसते धवल ठेवले होते. ‘रण’ त्याने मागाहून स्वतःच लावून घेतले.

त्याचे सांगणे असे की, खिंड त्याने तीन दिवस लढवली. राजाने त्याच्या मांडीवर प्राण सोडला आणि आपले खड्ग त्याच्या हाती दिले. चौकीचा नाईक साबाजी शत्रूला चोरवाट दाखवून पळाला, म्हणून फौज बुडाली. आणि शत्रूचा मांत्रिक भस्मांग याने जाता जाता विहिरींना शाप दिला. लोकांनी ऐकले, हळहळले आणि विश्वास ठेवला. राजाचे खड्ग ज्याच्या हातात, त्याला उलट कोण विचारणार?

विचारणारी एक होती. तिचे नाव धानाई. ती राज्याची हजेरीनीस होती, आणि त्याच साबाजीची बायको होती.

त्या राज्यात सैनिकांची हजेरी कागदावर मांडत नसत. कागद खोडता येतो, हे कुणा जुन्या राजाने वेळीच ओळखले होते. म्हणून प्रत्येक फौजेबरोबर एक डोंगरी मैना जाई. सकाळी लढाईला निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर प्रत्येकाने, अगदी राजानेसुद्धा, पिंजऱ्यासमोर उभे राहून आपले नाव सांगायचे. मैना ते धरून ठेवी. मग दरबारात ती सारी नावे त्याच क्रमाने, त्याच आवाजात म्हणून दाखवी, आणि तिच्या शब्दापुढे कोणाचा शब्द चालत नसे. नियम दोन होते. हजेरीनिसाने मध्येच ‘पुरे’ म्हटले, तर मैना कायमची मुकी होई. आणि मैनेला जो मारील, त्याची जीभ त्याच दिवशी झडून पडे.

करवंदीच्या खिंडीत गेलेली मैना परत आली नव्हती. रणधवलाने दरबारात सांगितले, बाण लागून मेली. राणीवशात सांगितले, सापाने गिळली. धानाईने विचारले तेव्हा म्हणाला, तंबूबरोबर जळाली. एका पाखराला तीन मरणे! धानाईच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आणखी एक गोष्ट तिला सलत होती. राजा पडल्याची बातमी आल्यावरही आठ दिवस तिने विहिरीचे गोड पाणी भरले होते. ज्या संध्याकाळी रणधवल खड्ग घेऊन वेशीतून आत आला, त्याच संध्याकाळी तिची आमटी खारट झाली आणि सासूने तिला बोल लावले. पण पळपुट्याच्या बायकोचे कोण ऐकणार? शेजारणी नदीच्या वाटेवरसुद्धा तिच्याशी बोलत नसत.

आता तीन वर्षे सरली होती. राजा निपुत्रिक गेला तर तीन वर्षे प्रधानाने कारभार पाहावा आणि चौथ्या वर्षी दरबाराने नवा राजा निवडावा, असा तिथला दंडक होता. गादीला दोघे उभे होते. एक रणधवल. दुसरा राजाचा भाचा नीलांबर, जो धान्यकोठारे सांभाळी. तलवार पाहिली की त्याला घाम फुटे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. त्यामुळे निवड झाल्यातच जमा होती. रणधवल एकदा गादीवर बसला की साबाजी जन्मोजन्मीचा द्रोही ठरणार, हे धानाईला दिसत होते.

तिने विचार केला. रणधवलाने मैना मारली असती तर त्याची जीभ झडली असती. जीभ तर चांगली चुरूचुरू चालते. म्हणजे मैना विकली असणार. आणि बोलकी पाखरे विकत घेणारा मुलखात एकच होता, तो मांत्रिक भस्मांग. लढाई संपल्यापासून तो खिंडीतच गुहा करून राहिला होता. धानाईने भाकरी बांधली आणि सकाळीच निघाली.

भस्मांगाने तिला गुहेच्या तोंडाशीच अडवले. “मी घेतलेली वस्तू परत देत नाही,” तो म्हणाला. “पण तीन कामे करणाऱ्याला नाही म्हणत नाही. गुहेमागचे रान ओलांड, अजगर ओलांड, मग पिंजरा उचल.”

पहिले ते रान. तिथली झाडे वाटसरूला नावाने हाका मारीत, आणि ओ देणारा जागच्या जागी खोड होऊन उभा राही. धानाईला झाडांनी आईच्या आवाजात बोलावले, मग सासूच्या, मग साबाजीच्या. साबाजीच्या आवाजाशी तिची पावले अडखळली. पण आयुष्यभर दुसऱ्यांची नावे ऐकून घेण्याची तिला सवय; ओठ दाबून ती पुढे चालत राहिली.

दुसरा तो अजगर. पुढली वाट त्याने अंगाखाली घेतली होती. स्वतःची लाज जो सांगेल, त्यालाच तो वाट देई. धानाई म्हणाली, “लोक माझ्या नवऱ्याला पळपुटा म्हणतात, तेव्हा मी भांडते. मनात मीही तेच म्हणते.” अजगर बाजूला सरला. ती ओलांडून गेली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडली.

तिसरे ते पिंजरे. शंभर पिंजऱ्यांत शंभर काळ्या मैना, आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या: साबाजी शूर होता, साबाजी रणात पडला, साबाजी तुझे नाव घेत गेला. धानाईने कान टवकारले. गोड बोलणाऱ्याचा संशय घ्यावा, हे ती रणधवलापासून शिकली होती. कोपऱ्यात एक मैना गप्प बसली होती. तिने तो पिंजरा उचलला. भस्मांगाने वाट सोडली. शब्दाला तो पक्का होता, सरदारांपेक्षा नक्कीच.

वाटेत मैना बोलू लागली. “बाई, दरबारात मला नावांखेरीज काही म्हणता येत नाही, म्हणून आताच ऐक. विहिरींना शाप भस्मांगाचा नाही. ते खड्ग एका सिद्धाने राजाला दिलेले. राजाने हाती दिले तर ते फळते. प्रेताच्या मुठीतून सोडवले, तर नेणारा ज्या वेशीत शिरेल तिथले पाणी नासते. कपट भर दरबारात उघडे पडले, की मूठ त्याच्या हाताला चिकटते, आणि तो आपल्या तोंडाने कबूल होईपर्यंत सुटत नाही.”

धानाईने तिला साबाजीचे विचारले. चोरवाट कोणीच दाखवली नाही, शत्रू समोरूनच आला, असे मैना म्हणाली. धानाईचा जीव भांड्यात पडला. मग मैना म्हणाली, “पण तीन दिवसांत सहा हजेऱ्या झाल्या. तुझ्या माणसाने पाच वेळा नाव सांगितले. सहाव्या वेळी तो नव्हता. ढाल टाकून करवंदीच्या जाळीत शिरताना मी त्याला पाहिले.”

धानाईने पिंजरा दुसऱ्या हातात घेतला आणि गावाची वाट धरली.

वेशीवर रणधवल उभाच होता. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते काही खोटे नाही. त्याने घोड्यावरून उतरून तिला नमस्कार केला, म्हणजे काम मोठे असणार हे तिने ओळखले.

“धानाबाई,” तो म्हणाला, “पहिल्या हजेरीलाच ‘पुरे’ म्हणा. उद्या राजा म्हणून माझी पहिली आज्ञा अशी निघेल की, साबाजी नाईक रणात पडला, त्याच्यावरचा आरोप खोटा होता. त्याच्या स्मरणार्थ छत्री बांधतो. लोक तुमच्या पाया पडतील.”

“आणि पाणी?” धानाईने विचारले.

“पाण्याची लोकांना सवय झाली आहे.”

धानाईने पिंजऱ्यावर पदर ओढला आणि ती आत गेली. ‘नाही’ म्हणाली नाही, ‘हो’ही म्हणाली नाही. खरे सांगायचे तर तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीचा दरबार भरला. मैना जिवंत आहे हे कळताच कुजबुज सुरू झाली. वृद्ध प्रधानाने हात वर केला आणि शांतपणे बोलू लागला. माणूस वाईट नव्हता, दमला होता. त्याचे म्हणणे असे की, राज्य चालवायला शेतसारा वसूल करता यायला हवा, न्याय करता यायला हवा. कोण कुठल्या खिंडीत उभा होता, हे तीन वर्षांनी उकरून काय मिळणार? नीलांबर तर कुठल्याच खिंडीत नव्हता. मग हजेरी ऐकायचीच कशाला?

नीलांबर उठला. “प्रधानजी, माझी हजेरी कोरी आहे. ती ऐकायला मला भीती नाही,” एवढेच म्हणून तो खाली बसला.

मग धानाई बोलली. “सरदार खिंडीत नसते तरी चालले असते, प्रधानजी. लढणे सगळ्यांना जमत नाही. पण ते म्हणतात, मी होतो. त्या एका ‘होतो’वर ते गादी मागतात, आणि त्याच ‘होतो’वर माझ्या घरावर तीन वर्षे लोक थुंकले.”

प्रधानाने हजेरीला संमती दिली. धानाईने पदर दूर केला. मैनेने मान वर केली.

लढाईच्या पहिल्या सकाळची नावे आली. शेकडो नावे, शेकडो आवाज. दरबाराबाहेर उभ्या असलेल्या बायका आपापल्या माणसाचा आवाज ऐकून खाली बसू लागल्या. साबाजीचे नाव आले, घोगरे आणि ठणठणीत. भद्रसेनाचे आले. रणधवलाचे आले नाही. संध्याकाळची नावे कमी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त अकरा. त्यांत साबाजी होता. रणधवल पाचही हजेऱ्यांत कुठेच नव्हता.

पाचवी संपली आणि मैना श्वास घ्यायला थांबली. दरबारात लोक धानाईकडे वळून पाहत होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या नजरांत आदर होता. अकरांतला एक! एका म्हातारीने तिच्या पायाला हात लावला. आता एकच शब्द पुरे होता. ‘पुरे’ म्हणायचे, साबाजी जन्मभर वीर राहणार, आणि रणधवल तर उघडा पडलाच आहे. त्या शब्दासाठी धानाईचे ओठ जुळलेसुद्धा.

तेवढ्यात रणधवल उभा राहिला. पडलो तरी नाक वर, अशी त्याची जात. “मी तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो,” तो म्हणाला. “सहाव्या हजेरीला मी होतो. राजा माझ्याच मांडीवर गेला.” आणि त्याने धानाईकडे पाहिले. ही बाई पुढे ऐकू देणार नाही, असा हिशेब त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होता.

धानाईने त्या म्हातारीचा हात आपल्या पायावरून हळूच काढला. “म्हण,” ती मैनेला म्हणाली.

मैनेने राजाचा आवाज काढला. थकलेला, पण स्पष्ट.

“भद्रसेन.”

सगळे पुढच्या नावाची वाट पाहत राहिले. पुढचे नाव नव्हते. सगळी फौज संपल्यावर राजा एकटाच पाखरासमोर उभा राहिला होता, आणि कोणी ऐकणारे नसताना त्याने आपले नाव सांगितले होते. मग कोणीतरी हळूच म्हणाले की साबाजीही नव्हता, आणि ते पुटपुटणे मागपर्यंत पोहोचले. धानाईने मान खाली घातली नाही. “नव्हता,” ती म्हणाली. “सहाव्या हजेरीला माझा नवरा पळाला होता.”

रणधवलाने खड्ग टाकून दरवाजा गाठायचा बेत केला, पण मूठ त्याच्या तळहाताला चिकटून बसली होती. नीलांबर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला घाम फुटला होता, तरी उभा राहिला. “सरदार, तुम्ही कुठे होतात?” त्याने विचारले.

रणधवलाने हात झटकला, आपटला, खांबावर घासला. शेवटी तो म्हणाला, “घाटाखाली होतो. तीनशे स्वार घेऊन. कोण जिंकतो ते पाहत होतो.”

खड्ग खणकन खाली पडले. बाहेर चौकातल्या विहिरीवर एका बाईने सवयीने चूळ भरली आणि ती थुंकायची विसरली. तिने आणखी एक ओंजळ घेतली, आणि मग ओरडत गल्लीतून पळत सुटली. एकोणीसही विहिरी गोड झाल्या होत्या.

दरबाराने नीलांबराला राजा केले. रणधवलाचे ‘रण’ काढून घेतले आणि खिंडीतल्या वाटसरूंसाठी तीन वर्षे खांद्यावर पाणी वाहायला त्याला धाडले. काही जण म्हणाले, सुळी द्या. नव्या राजाला ते पाहवले नसते, आणि हेही त्याने सांगून टाकले.

महिन्याभराने, दिवस माथ्यावर असताना, वेशीबाहेर एक दाढी वाढलेला माणूस उभा राहिला. मैनेने काय सांगितले हे परमुलखात त्याच्या कानी गेले होते. लपवायचे काही उरले नाही हे कळल्यावर त्याला घराची वाट दिसली. धानाई दारात आली. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, “मी पळालो होतो.”

“ते सगळ्या गावाला ठाऊक आहे,” धानाई म्हणाली. “हातपाय धुवा, पान वाढते.”

त्या राज्यात अजूनही पाणी गोड आहे, असे सांगतात. आम्ही चाखलेले नाही. जो चाखल्याचे सांगेल, त्याला आधी विहीर कुठे ते विचारावे.