राणीची पुरलेली बोली

एका राज्यात सुनांची बोली काढून घ्यायची रीत होती. परमुलखातली नवरी उंबरठ्यावर आली की राजजादूगार तिच्या जिभेवर मीठ ठेवी, तिची माहेरची बोली ओढून मडक्यात भरी, मडक्याचं तोंड लाखेनं बंद करी आणि मडकं कोठारात पुरून टाकी. माणसाच्या डोक्यात एकच खोली असते, तिथं दोन भाषा शिरल्या तर घर मोडतं, असं तिथल्या शहाण्यांचं मत होतं. त्यांनी किती डोक्यांत डोकावून पाहिलं होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

फार पूर्वी एका नवरीनं ते मीठ थुंकून शाप दिला होता. शाप भर दरबारात दिला, सगळ्यांनी ऐकला. पण तो परक्या बोलीत होता, म्हणून एकालाही कळला नाही. तेव्हापासून पन्नाशी आली की माणसांचे शब्द गळू लागत. आधी भांड्यांची नावं जात, मग शेजाऱ्यांची, शेवटी मुलांची. राजजादूगार कालकंठ म्हणाला, "परक्या बोलीचा अंश उरलाय, त्याचंच हे विष." राजा दंडपालानं हुकूम सोडला, मीठ दुप्पट करा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग राणीची पन्नाशी आली. भानुमती तिचं सासरचं नाव. माहेरचं कुणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी तिनं आपल्या एकुलत्या लेकीकडे, राजकन्या इंदुलेकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

इंदुला तिथून निघाली ती थेट कोठारामागे जाऊन रडली. कोठाराच्या झरोक्यात एक साळुंकी राहत होती. तिचं वय तीनशे वर्षं होतं, आणि तिला सगळ्या मडक्यांतल्या बोली येत होत्या.

साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, त्या नवरीचा शाप मला कळला होता. ती म्हणाली, माझी वाट बुजवलीत, तुमचीही बुजेल. तुमच्यातलं कुणी परकी बोली कष्टानं शिकून जिची ती आहे तिच्याशी बोलेल, तेव्हाच मडकी फुटतील."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"विचारलं कुणी? ऐक. एकच वाट असली आणि तिच्यावर दरड कोसळली, की माणूस तिथंच बसतो. दोन असल्या, तर वळशानं का होईना, घरी पोचतो. डोक्यातही तसंच आहे. पण वाट पायानंच पडते. नदीपार तुझ्या आजोळी जा. त्यांच्या बोलीत भाकरी माग, भांडण जिंक आणि स्वप्न पाहा. तिन्ही झालं की परत ये."

तिनं परवानगी मागितली तेव्हा राजा म्हणाला, "जाशील, पण डोकं इथं ठेवून जाशील." इंदुला म्हणाली, "आज्ञा," आणि नदी ओलांडून गेली.

भाकरी मागायलाच सहा महिने लागले. ती तोंड उघडी आणि अख्खी गल्ली हसे. कपाळ ठणके. त्यात आपलेच शब्द निसटू लागले. एकदा दिव्याला दिवा म्हणतात हे दुपारभर आठवेना, आणि कालकंठाचं खरं तर नाही, या भीतीनं ती रात्रभर घरातल्या वस्तूंची नावं घोकत बसली. तरी ती हटली नाही. दुसऱ्या वर्षी तिनं भर बाजारात एका कोळणीशी भांडण जिंकलं. तेव्हा तिला उमगलं, की शंभर गळ्यांच्या कालव्यातून आपल्याला हवा तो एकच आवाज वेगळा ऐकू येतो. पूर्वी असं येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, दुपारच्या डुलकीत, तिला त्या बोलीत स्वप्न पडलं. स्वप्नात आई तिला रागावत होती. जन्मात कधी रागावली नव्हती. दरबारी भाषेत रागवायचे शब्द आईला कुणी शिकवलेच नव्हते. इंदुला जागी झाली आणि तशीच निघाली.

राणी खिडकीशी बसली होती. दोन वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. इंदुला पायाशी बसली आणि नदीपारच्या बोलीत म्हणाली, "जेवलीस का गं?"

कोठारात मडकी तडातड फुटली. राणीनं मान वळवली आणि त्याच बोलीत म्हणाली, "कुणाची गं तू पोरी?"

"तुझीच."

"छे! माझी लेक राजाची आहे. तिला आपलं बोलणं येत नाही. ती रडायची तेव्हा मी तोंड मिटून बसायचे, दाई गायची." राणीनं तिचा हात धरला. "तू तिकडं जातेस ना? तिला एवढं सांग, आई मुकी होती, कोरडी नव्हती."

"सांगते," इंदुला म्हणाली.

राज्यभर म्हाताऱ्यांना शब्द आठवले. सुनांना बोली परत मिळाल्या, मिठाची रीत मोडली, मुलं दोन भाषा शिकू लागली. राजानं दवंडी पिटवली, की हे आपल्याच मनात होतं. शिकवायला मुख्य गुरुजी कोण नेमला? कालकंठ. अशा माणसांची पदं कुठल्याच शापानं जात नाहीत.

राणीला मात्र दरबारी भाषा परत आली नाही, आणि त्या भाषेबरोबर गेलेली लेकीची ओळखही परतली नाही. ती आणखी आठ महिने जगली, भरभरून बोलली, भांडली, हसली. रोज संध्याकाळी ती विचारी, "माझ्या लेकीला निरोप दिलास का?"

"दिला."

"काय म्हणाली?"

"रडली."

"तू होतीस ना जवळ?"

"होते," इंदुला म्हणे, आणि आईच्या ताटात भात वाढी.