रिकामा साचा

"मशीन न चालवताच त्यातली चूक दिसते म्हणे तुम्हाला?"

केरबाने कागदांची चळत मठाच्या ओसरीवर आपटली. दुसऱ्या हातात पहार होती.

बसवलिंग महाराज पूर्वी कारखान्यांच्या मशीनचे प्रोग्राम लिहीत. आता कुणी त्यांचे कागद आणले, तर तेवढे वाचून देत.

"दिसते कधीकधी."

"मग सांगा. चूक माझ्या दादाची की मशीनची?"

खंडेनवमीला ताटांच्या कारखान्यात केरबाचा दादा सुदाम आत वाकून, पत्रा दाबून ताट काढणाऱ्या प्रेसच्या साच्याला कुंकू लावत होता. प्रेस चालू होता; बंद मशीनची पूजा तिथे कुणी करत नसे. साच्यात एकही पत्रा नव्हता. तरी प्रेस खाली आला. सुदाम जागच्या जागी गेला. मालक म्हणाला, चूक त्याचीच.

महाराजांचं बोट ओळीओळीने सरकू लागलं. दुसऱ्या पानावर थांबलं...

"वाचत काय बसलाय? चालवून बघा ना!"

"चालवून झालंय. तुझा भाऊ आत असताना."

केरबाने पहार हाणली. ओसरीच्या फरशीचा टवका उडाला.

महाराजांनी ताटलीतले चार पेरू पुढे सरकवले.

"माणसं दोन. प्रत्येकाला किती?"

"दोन. पोरखेळ लावलाय का?"

"माणूस एक?"

"चार!"

"माणूस कुणीच नाही. प्रत्येकाला किती?"

"कुणीच नाही, तर प्रत्येकाला कसलं? डोकं फिरलंय का तुमचं?"

"मशीनचंही इथंच फिरलं. साच्यात किती पत्रे, ते मोजून एकूण वजन तेवढ्यांत वाटून घेतं ते. पत्रे शून्य निघाले. प्रोग्राम कोसळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आणि सुरू झाला की आधी प्रेस खाली आणतो."

केरबाने शिवी हासडली.

"म्हणजे दादाची चूक नव्हती!"

"नव्हती."

"कुणी लिहिलं हे? नाव असेल ना कागदावर? मला इंग्रजी येत नाही. तुम्ही वाचा. हात तोडतो त्याचे!"

महाराजांनी शेवटचं पान उलटलं. नावावर बोट ठेवलं. मग दोन्ही हात त्या पानावर पालथे पसरले...

पहार वर गेली, आणि वरच राहिली.

"तुम्ही?" केरबाचा आवाज चिरकला. "देण्याआधी एकदा तरी बघायचं होतंत!"

"हजारदा चालवून बघितलं होतं, केरबा. वाचलं आज."