वाऱ्यावर ठपका

खाडीकाठी एक राज्य होतं, तिथला होता राजा, नाव त्याचं उदयभान. मनाने चांगला होता, बरं का. कुणाला उपाशी ठेवायचा नाही, कुणावर हात उगारायचा नाही. पण त्याला एक खोड होती. हरलो असं म्हणायची वेळ आली की त्याचा घसाच सुकायचा. लहानपणी तो हरून आला की त्याचे वडील दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत. मग तो कारणं सांगायला शिकला. काय करेल बिचारा?

नारळी पौर्णिमेला खाडीत होड्यांची शर्यत लागायची. एकदा काय झालं, राजाही शर्यतीत उतरला. आधी सगळ्यांच्या पुढे गेला, मग दमला. चांगुणा कोळीण त्याच्या शेजारून सपासप वल्ही मारत पुढे गेली आणि जिंकली.

राजा काठावर उतरला. लोकांना म्हणाला, "मी जिंकलोच होतो. पण वारा आडवा आला."

आता वारा तिथेच होता की. त्याने ऐकलं. त्याने तर उलट राजाची होडी मागून ढकलली होती. त्याला फार वाईट वाटलं. मग तो उठला आणि डोंगरापलीकडे निघून गेला. झाडाचं पान हलेना. शिडं लोंबकळली. तान्ही बाळं पाळण्यात घामाघूम झाली.

लोक राजवाड्यात आले. म्हणाले, "महाराज, वारा रुसलाय. त्याची चूक नव्हती असं एकदा म्हणा."

राजा घाबरला. पण घसा सुकला ना! म्हणाला, "वाऱ्याचं काय घेऊन बसलात? खरा दगा दिला तो भरतीने. ती वेळेवर आलीच नाही."

मग भरतीही रुसली. गेली दूर समुद्रात. खाडीत नुसता चिखल उरला. होड्या कुशीवर कलंडल्या. मासळी नाही, कालवण नाही, पोरं कोरडा भात खाऊन झोपली.

लोक पुन्हा आले. या वेळी चांगुणाही आली होती. तिची धाकटी लेक मंजुळा तिच्याजवळ उभी होती. प्रधान राजाच्या कानाशी लागला. "महाराज, चांगुणेने लबाडी केली म्हणा. लोक तिच्यावर उलटतील. आपण सुटाल."

राजा उभा राहिला. म्हणाला, "या चांगुणेने लबाडी..."

एवढंच बोलला, आणि वारा-भरतीसारखी चांगुणाही जायला लागली. आधी तिची पावलं दिसेनाशी झाली. मग लुगड्याचा काठ. मग गुडघे. मंजुळेने पदर धरला, तर मुठीत काहीच येईना. "आये! तू कुठं चाललीस?"

चांगुणा राजाकडे बघत राहिली.

राजा ओरडला, "नाही! तिने काही केलं नाही! वाऱ्याने नाही, भरतीनेही नाही. मी दमलो. वर्षभर वल्ह्याला हात लावला नव्हता. मी हरलो, आणि मला लाज वाटली."

राजाला वाटलं, आता लोक हसणार. पण कुणी हसलं नाही. चांगुणेची पावलं परत आली. तिने आधी लेकीला घट्ट कवटाळलं. मग म्हणाली, "दमलात, एवढंच होय? अहो, आम्हीबी दमतो. त्यात लाज कसली? पण माझ्यावर आळ घेत होतात, ते वाईट केलंत."

"हो," राजा म्हणाला. "फार वाईट केलं." तो सिंहासनावरून खाली आला आणि त्याने तिच्यासमोर हात जोडले. प्रधान म्हणाला, "मी तर फक्त..." मग त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात खिडकीतला पडदा हलला. वारा आला होता! आणि दिवस कलायच्या आत भरतीही आली, खळखळत, एकेका होडीला हळूच उचलत.

पुढच्या शर्यतीआधी राजाने रोज सराव केला. आणि कितवा आला माहीत आहे? तिसरा! धापा टाकत काठावर आला आणि सगळ्यांना सांगत सुटला, "तिसरा आलो, तिसरा!" मग घरी गेला. राणीने वाढलेला नारळीभात दोनदा मागून खाल्ला आणि पाठ टेकताच घोरायला लागला.

खाडीकाठची सगळी माणसं मजेत राहिली. चला, आता पाय पांघरुणात घ्या बघू. डोळे मिटा. झोपा माझ्या सोन्यांनो.